नाव झाकलेला पेपर

आज आपण कॉपीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात कसला आलाय इतिहास? पोरं चिठ्ठ्या नेतात, सापडली तर सापडली, नाहीतर पास झाली. पण या चिठ्ठीलाही इतिहास आहे. त्यातलं एक पान तर आपल्याच भागाचं आहे, आणि त्या पानानं राज्याचा मुख्यमंत्री बदलला.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू. उत्तरपत्रिकेवर आपल्या लेकराचं नाव नसतं, नुसता बैठक क्रमांक असतो. आता तर त्यावरही बारकोडची पट्टी असते. आपल्याला वाटतं, ही सरकारी पद्धत असेल. पण जरा विचार करा. आपल्याकडं आडनाव कळलं की काय काय कळतं? गाव कळतं, जात कळते, बापाचा सातबारा किती मोठा तेसुद्धा कळतं. ते आडनाव झाकलं की ऊस तोडणाऱ्याची पोर आणि संस्थाचालकाची पोर तपासणाऱ्याच्या टेबलावर सारख्याच होतात. आपल्या आयुष्यात असं किती ठिकाणी होतं? दवाखान्यात होत नाही, तहसीलमध्ये होत नाही, सोयरिकीत तर नाहीच नाही. म्हणून आम्हाला हा नाव झाकलेला कागद फार मोलाचा वाटतो. कॉपीचा विचारही आम्ही तिथूनच करतो.

ही युक्ती फार जुनी आहे, आणि ती चीनमधली. तिथं तेराशे वर्षांहून जास्त काळ राजाचे अधिकारी परीक्षा घेऊन निवडत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्यांनी उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकायला सुरुवात केली. मग लक्षात आलं की अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो. तेव्हा कारकून बसवले. त्यांनी प्रत्येक पेपर आपल्या हातानं पुन्हा लिहून काढायचा आणि परीक्षकानं ती नक्कल तपासायची. परीक्षार्थींना लहान लहान कोठड्यांत बसवत, आत सोडताना अंगझडती घेत. एवढं करूनही कॉपी व्हायचीच. आतल्या कापडावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथच्या ग्रंथ लिहून नेलेले सदरे आजही तिकडच्या संग्रहालयांत आहेत. आपली पोरं मायक्रो झेरॉक्स काढतात म्हणून आपण तोंडात बोट घालतो, पण त्यांचे आजे-पणजे तिकडं होऊन गेलेत! ती परीक्षा १९०५ साली बंद झाली. शेवटपर्यंत बायकांना तिला बसायची परवानगी नव्हती, हेही सांगायला हवं. नाव झाकायची एवढी काळजी घेतली, पण दाराशीच निम्म्या माणसांना अडवलं.

आपल्याकडं लेखी परीक्षेची आजची पद्धत इंग्रजांनी रुजवली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. पास झालेले अगदी थोडे, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. मुलींना पदवीचं दार उघडायला १८८३ साल उजाडलं. त्या विद्यापीठाची पहिली पदवीधर मुलगी कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि पहिल्या वर्गात आली. अशा हुशार विद्यार्थ्याला विलायतेला शिकायला शिष्यवृत्ती मिळत असे. तिला मात्र ती दिली नाही, कारण ती बाई. म्हणजे पेपर तपासताना ती बाई आहे हे कुणाला दिसलं नाही, तेव्हा ती वर आली. नाव उघडं झालं आणि तिचा हक्क गेला.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आपलं उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झालं, तिथं शिक्षण उर्दूतून. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला शिकायचं तर परक्या भाषेतून, आणि तेही घरापासून कोसो दूर. मुलींचं तर नावच काढू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढं मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालं. १९५६ ला उदगीर बीदरमधून सुटून उस्मानाबाद जिल्ह्यात आलं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. म्हणजे मुंबईत पहिली मॅट्रिक होऊन जवळपास शंभर वर्षं झाल्यावर आपल्याला आपलं विद्यापीठ मिळालं. हे शंभर वर्षांचं अंतर लक्षात ठेवा. मराठवाड्यात कॉपी का बोकाळली याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

घरात शिकलेलं कुणी नाही. शाळा मिळाली तर शिक्षक नाही, शिक्षक असला तर गणित-इंग्रजीचा नाही. पण नोकरीच्या जाहिरातीत मात्र पास पाहिजे, पदवी पाहिजे. शेती कोरडवाहू, चार भावांत वाटलेली. पदवी म्हणजे घराबाहेर पडायची एकच वाट. अशा वेळी माणूस ज्ञानाकडं बघत नाही, कागदाकडं बघतो. पोरगं शिकलं का, हे कोण विचारतं? पास झालं का, एवढंच विचारतात. संस्थांनाही निकाल हवा होता, कारण निकाल चांगला तर पुढच्या वर्षी पोरं जास्त. गुरुजीनं फळ्यावर उत्तरं लिहून दिली तर ती पोरांची दया होती, संस्थेची सोय होती की गुरुजीच्या वर्षभराच्या दांडीवर पांघरूण होतं, हे वेगळं काढता येत नाही. तिन्ही एकात मिसळलेलं असायचं.

आणि आपण? केंद्राच्या भिंतीवर चढणारा मामा कुणाचा भाऊ होता? खिडकीतून चिठ्ठी फेकणारा दीर कुणाच्या घरचा होता? डबा बांधून त्याला पाठवणाऱ्या बायाही त्याच गावच्या. आम्ही हे टोचून बोलत नाही. मुलगी नापास झाली तर पुढच्या लग्नसराईत तिचं काय होतं, हे तिच्या मायला माहीत असतं. मुलाला म्हणतात, परत बस. मुलीला म्हणतात, बस झालं आता. म्हणून कित्येक माया मनातल्या मनात म्हणाल्या असतील, कशीही होऊ दे पण पास होऊ दे. या भीतीबद्दल बोलल्याशिवाय कॉपीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

१९८२ साली राज्यानं कायदा केला. विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांमधले गैरप्रकार रोखण्याचा तो कायदा. पेपर फोडणं, बाहेरून उत्तरं पुरवणं हे त्यानं गुन्हे ठरवले. योगायोग असा की त्याच वर्षी, १६ ऑगस्टला, लातूर जिल्हा वेगळा झाला आणि उदगीर त्यात आलं. कायदा आला म्हणून भिंतीवरचे मामा काही खाली उतरले नाहीत. आणि तीनच वर्षांनी जे प्रकरण गाजलं, त्यात ना चिठ्ठी होती ना खिडकी.

जून १९८५ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर राज्याचे मुख्यमंत्री झाले. आपल्या जिल्ह्याचा माणूस पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसला. मुक्तीसंग्रामात भाग घेतलेले, निलंग्यासारख्या ठिकाणी शाळा-महाविद्यालयं उभी करणारे हे गृहस्थ. त्यांची मुलगी डॉक्टर होती, आणि ती मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.च्या परीक्षेला बसली होती, स्त्रीरोग या विषयात. त्याच परीक्षेला बसलेला एक डॉक्टर उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं असं, की निकालाच्या कागदावर खाडाखोड करून मुख्यमंत्र्यांच्या मुलीला पास केलं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं कागद तपासले. फेरफार झाला आहे असं म्हटलं आणि मुख्यमंत्र्यांवरही ठपका ठेवला. मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. खुर्चीवर जेमतेम नऊ महिने झाले होते. आपण कुणाला काही सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्या न्यायालयानं १९८६ च्या डिसेंबरात सार्वजनिक जीवनातल्या घसरणीबद्दल कडक शब्दांत लिहिलं. त्यांच्या जागी आले शंकरराव चव्हाण, तेही शेजारच्या नांदेडचे.

या प्रकरणावर आपल्या भागात आजही दोन मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, मराठवाड्याचा माणूस म्हणून काटा काढला. काढला असेलही, राजकारणात शत्रू कमी नसतात. पण आम्हाला त्यात वेगळंच दिसतं. तो विषय बघा, स्त्रीरोग. अडलेल्या बाळंतिणीजवळ उभं राहणाऱ्या माणसाची ती परीक्षा. तिथं कोण पास झालं, कसं पास झालं, याचा हिशोब शेवटी आपल्यासारख्या बाईच्या अंगावर होतो. आणि दुसरं म्हणजे, या ठिकाणी मुलीनं काही लपवून नेल्याचा प्रश्नच नव्हता. सगळं घडलं ते पेपर झाल्यावर, नाव उघडं झाल्यावर. खिडकीतली चिठ्ठी गरिबालाही परवडते. निकालाच्या कागदावर फिरणारा पेन ज्याचं नाव मोठं त्याच्यासाठीच फिरतो.

गंमत अशी की त्याच काळात लातूरचं दुसरंही नाव होऊ लागलं होतं. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोरांकडून कसून तयारी करून घ्यायला सुरुवात केली. जादा तास, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, प्रत्येक पेपर तपासून चूक दाखवणं. त्यालाच पुढं लातूर पॅटर्न म्हणायला लागले. १९९४ साली १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा पहिले कुलगुरू वाघमारे सरच झाले. घोकंपट्टी फार, असा आक्षेप त्या पॅटर्नवर घेतात आणि तो अगदीच खोटा नाही. पण खेड्यातलं पोरगं मेहनतीनं पुण्या-मुंबईच्या पुढं जाऊ शकतं, हे त्यानं दाखवलं. एकाच भागात एका गावी पहाटे चारला दिवे लागायचे आणि दुसऱ्या गावी परीक्षेच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग लागायची.

मग आलं २०१०. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते. दहावी-बारावीच्या परीक्षा कॉपीशिवाय घ्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. विद्यापीठात पोचणारं पोरगं बारावीतूनच येतं, म्हणून हा भाग सांगणं भाग आहे. यापूर्वी भरारी पथक यायचं, जीप दिसली की चिठ्ठ्या गायब, जीप गेली की पुन्हा बाहेर. आता पथक दिवसभर केंद्रावरच बसू लागलं, बैठं पथक. महसूलची, जिल्हा परिषदेची माणसं कामाला लावली, चित्रीकरण केलं. परीक्षेआधी पोरांशी, पालकांशी बोलणी झाली.

निकाल लागला आणि धाडकन खाली आला. आरडाओरड झाली. आमच्या पोरांचं वाटोळं केलं, दुसऱ्या जिल्ह्यात कॉप्या चालतात मग आम्हीच का मरायचं, असं लोक म्हणाले. या बोलण्यात तथ्य होतं. एकाच जिल्ह्यात भिंत बांधली तर पाणी शेजारून जातं. पण त्या पडलेल्या निकालानं एक खरं सांगितलं, जे चांगले निकाल इतकी वर्षं लपवत होते. कुठल्या शाळेत शिकवतच नाहीत, हे तेव्हा उघडं पडलं. कॉपीची चिठ्ठी पोराला एक दिवस वाचवते, पण न शिकवणाऱ्याला ती वर्षानुवर्षं वाचवते. पुढं राज्यानंही कॉपीमुक्त अभियान उचललं. ते कधी जोरात चाललं, कधी नुसत्या फलकावर राहिलं. २०२५ च्या परीक्षेत मंडळानं, जिथं आधी गैरप्रकार सापडले होते त्या केंद्रांवर केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे नेमले. पंधरा वर्षांनीही तोच उपाय करावा लागतो, यावरून दुखणं किती मुरलेलं आहे ते कळतं.

मधे एक चांगली गोष्टही झाली, तिची फारशी चर्चा होत नाही. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैमध्येच घ्यायला लागले. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागे आणि वर्ष हातचं जाई. मघाशी जी भीती सांगितली, नापास झाली की लग्न, तिच्यावर या जुलैच्या परीक्षेनं थोडा उतारा दिला. वर्ष वाया जात नाही म्हटल्यावर घरात बोलायला मायला जागा मिळते. पथकं दहा वाढवण्यापेक्षा असा एक निर्णय कॉपी जास्त कमी करतो, असं आमचं मत आहे.

पण इकडं वर्गातली चिठ्ठी कमी होत होती तेव्हा तिकडं बाजार वाढत होता. २०२१ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा उघड झाला. पैसे घेऊन गुण वाढवले म्हणून राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली, आणि पुढच्या वर्षी साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द केले. ही परीक्षा कुणाची? आपल्या नातवंडांना शिकवणाऱ्यांची. तोच माणूस उद्या पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरणार, आणि कॉपी करू नका म्हणून पोरांना सांगणार.

मग २०२४ ची नीट. ५ मे ला देशभर जवळपास चोवीस लाख लेकरं डॉक्टर व्हायच्या परीक्षेला बसली. पेपर फुटल्याचं उघड झालं. झारखंडमधल्या हजारीबागला आणि बिहारात पाटण्याला तो फुटला, हे सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. पण सगळ्या देशाची परीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही. त्याच जूनमध्ये लातुरात चौघांवर गुन्हा नोंदला गेला. पैसे घेऊन गुण वाढवून देतो, असा तो व्यवहार असल्याचा आरोप. चौघांत दोघे जिल्हा परिषदेचे शिक्षक. तपास सीबीआयकडं गेला. त्यांचा न्याय कोर्ट करील. आम्हाला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल. आपल्या भागातल्या किती घरांनी सोयाबीनचे पैसे, गटाचं कर्ज, गळ्यातलं सोनं लातूरच्या क्लासला लावलेलं आहे. त्या घरची पोर दोन वर्षं खोलीवर राहून, मेसचं जेवून, रात्री जागून नंबर काढते. आता बाहेर कुणी विचारतं, कुठली? लातूरची म्हटलं की समोरचा हसतो. तिनं चिठ्ठी पाहिलेली नाही, एजंट पाहिलेला नाही, तरी तिच्या गुणांना डाग लागला. कॉपी करणारा पकडला जाईल किंवा सुटेल, पण न करणारीला आपलं खरेपण सिद्ध करत बसावं लागतं.

२०२४ च्या जूनपासून केंद्राचा नवा कायदाही लागू झाला आहे. देशपातळीवरच्या भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी तो आहे. गैरप्रकार करणाऱ्याला तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, टोळी करून केला तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. या कायद्याचा रोख परीक्षेला बसलेल्या पोरावर नाही. तो पेपर विकणाऱ्यावर, केंद्र फोडणाऱ्यावर आणि परीक्षा चालवणाऱ्या कंपनीवर आहे. हे आम्हाला बरं वाटलं. पण पैसे देऊन सौदा करणारं घरही आता सुटेल असं समजू नका. फौजदारी होवो न होवो, निकाल आणि प्रवेश दोन्ही हातचे जातात, आणि एजंटाला दिलेले पैसे कुठल्या कोर्टात मागणार?

एजंट गावात येतो तो नातेवाईक होऊनच येतो. वर ओळख आहे, अर्धे आधी अर्धे नंतर, निकाल नाही आला तर परत. यात त्याचं काही जात नाही. दहा घरांकडून घ्यायचे, चार पोरं आपल्याच अभ्यासानं लागतात, त्यांचे पैसे ठेवायचे, सहांचे परत करायचे किंवा पळून जायचं. म्हणजे आपल्याच लेकराची मेहनत तो आपल्यालाच विकतो. आपल्या गटात कुणी एकदम मोठं कर्ज मागितलं आणि कारण शिक्षण एवढंच सांगितलं, तर पावती कुठल्या संस्थेची आणि कशाची मिळणार, एवढं विचारायला हरकत नाही.

शेवटी एक उपयोगाची माहिती. गुण फार कमी आले, आपल्या पोरीनं बरोबर लिहिलं होतं असं वाटतं, तर ओळख शोधत हिंडू नका. विद्यापीठात आणि मंडळात उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि फेरतपासणी मागता येते. निकालानंतर मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच महाविद्यालयात शेवटची तारीख आणि फी विचारून घ्या. शिवाय ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे, की आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघायचा विद्यार्थ्याला हक्क आहे. साधा अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या घराला तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज पोरीनं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं करायचा. तपासणाऱ्याचं नाव मात्र त्यात कळत नाही. ते झाकलेलंच ठेवायचं, असं त्याच निकालात सांगितलं आहे.